खारीच्या घराला खिडकी

खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनीही हातातलं काम करता करता इकडे कान द्यावा. तेव्हा रानातल्या झाडाझाडांत घरं होती, घरांना दारं होती, पण एकाही दाराला कडी नव्हती.

त्या रानात बेहड्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत एक खार राहायची. ढोली लहान, आणि दार तर त्याहून लहान. खार अंग चोरून आत शिरली की दार तिच्या अंगानंच भरून जायचं. आत सावरीचा कापूस, वाळलेलं गवत आणि तीन पिल्लं. पिल्लांचे डोळे अजून उघडले नव्हते, अंगावर लव आली नव्हती.

खार पहिलटकरीण. पिल्लू शिंकलं तरी ती उठून त्याला हुंगायची. पिल्लू नाही शिंकलं तरी हुंगायची, की आज शिंकलं कसं नाही?

एके दुपारी पिल्लं नुकती झोपली होती. खारही जरा कलंडली होती. तेवढ्यात खोडावर आवाज झाला. ठक ठक ठक!

पिल्लं दचकून रडायला लागली.

"आहे का कुणी घरात?"

दारात सुतारपक्षी उभा. डोक्यावर लाल तुरा, पाठ ताठ आणि बोलणं मऊ.

"नमस्कार ताई. इकडून चाललो होतो, म्हटलं नवी बाळंतीण आहे, विचारपूस करावी. घर छान आहे हो तुमचं. फक्त…" आणि तो थांबला.

"फक्त काय?"

"काही नाही. जाऊ द्या. आपण कशाला वाईट बोलावं?"

"अहो दादा, सांगा ना!"

सुतारपक्ष्यानं मान वाकडी करून आत पाहिलं. "हवा कोंदट आहे आत. खिडकी हवी होती एक. त्या पलीकडच्या झाडावर एकीचं असंच बिनखिडकीचं घर होतं. तिची पिल्लं…" तो पुन्हा थांबला. "नकोच ते. तुम्ही मनाला लावून घ्याल."

आता न लावून घेऊन सांगते कुणाला? खारीनं पिल्लांना आणखी जवळ ओढलं.

"मला मोबदला नको," सुतारपक्षी म्हणाला. "कोरताना लाकडात अळी निघाली तर ती माझी. बाकी सगळं तुमच्या लेकरांसाठी."

खारीला खरं तर खिडकी नको होती. तिच्या आईच्या घराला कुठं होती खिडकी? त्याच घरात ती सुखानं वाढली होती. पण त्याच आईनं तिला शिकवलं होतं, दारात आलेल्याला नाही म्हणू नये. म्हणून ती हळूच म्हणाली, "बघू हं दादा. उद्या या."

त्या रानात सगळेच असं म्हणायचे. सशीण म्हणायची, "ह्यांना विचारून सांगते." मुंगूस म्हणायचा, "जरा पाऊसपाणी होऊन जाऊ दे." ऐकणाऱ्यानं काय ते ओळखायचं आणि दोघांनीही गोड हसून निरोप घ्यायचा, अशी रीत होती.

पण सुतारपक्षी दुसऱ्या दिवशी हजर. ठक ठक ठक!

"उद्या या म्हणालात, आलो."

"आज डोकं दुखतंय हो दादा."

"दुखणारच. कोंदट हवा. बरं, उद्या येतो."

तो रोज यायला लागला, आणि नेमका पिल्लांचा डोळा लागला की यायचा. खार इतकी धास्तावली की पंखांची फडफड ऐकली तरी पिल्लांना पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसायची. श्वास धरून, स्वतःच्याच घरात, चोरासारखी.

एकदा अशीच बसली होती, तर बाहेरून आवाज आला, "ताई, शेपूट दिसतंय तुमचं."

खार ओशाळली. तिनं शेपूट आत ओढलं आणि थकून म्हणाली, "करा बाई एकदाची खिडकी! म्हणजे सुटले."

सुतारपक्ष्यानं खिडकी कोरली. गोल, सुबक. लाकडात दोन बारक्या अळ्या निघाल्या, त्या घेऊन तो गेला.

आणि खिडकीतून वारा आला. पहाटेचा वारा गार यायचा, दुपारचा झळ घेऊन यायचा. उघड्या अंगाची पिल्लं कुडकुडायची, नाहीतर तहानेनं वळवळायची. खारीनं खिडकीत कापूस कोंबला, तो उडून गेला. गवत खोचलं, तेही गळून पडलं. शेवटी तिनं काय करावं? खिडकीकडे पाठ करून बसली आणि आपलं झुपकेदार शेपूटच खिडकीत घातलं.

वारा थांबला. पण आता खारीला हलता येईना. बाहेर गेलं की पिल्लं गारठणार, आणि बसून राहिलं की खायचं काय? पोटात दाणा नाही तर दूध कुठून उतरणार? पिल्लं तिला लुचायची, तोंड बाजूला करायची आणि रडायची. खार त्यांना चाटत राहायची. चाटण्यानं पोट भरत असतं तर किती बरं झालं असतं!

अशात पुन्हा ठक ठक ठक!

"आली ना हवा? आता कसं आहे ताई, हवा आत आली की तिला बाहेर जायला वाट पाहिजे. दार मोठं करावं लागेल. नाहीतर केलेली खिडकी फुकट."

खारीच्या घशाशी शब्द आला होता, पण जिभेला सवय जुनीच. "बघू हं दादा. उद्या या."

तो उडून गेला आणि वरून कुणीतरी फिसकन हसलं.

बेहड्याच्या वरच्या ढोलीत धनेशीण राहायची. धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. अंडी घालायचे दिवस आले की मादी ढोलीत शिरते आणि दार मातीनं लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नवरा बाहेरून पिकलेली उंबरं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. पिल्लं मोठी होईतो ती काही बाहेर येत नाही.

त्या फटीतून लांब चोच बाहेर आली.

"अगं ए बाळंतिणी! मला कोंडलेली म्हणतात सगळे. पण माझं घर माझं आहे. तू मोकळी आणि तुझं घर त्या सुताराचं!"

"काय करू हो मावशी? दारात आलेल्याला नाही म्हणू नये, असं आई सांगायची."

"खरंच सांगायची. जो भुकेला मागायला येतो, त्याला परत पाठवू नये. पण हा तुझ्याकडे मागायला आलाय का? हा तुझ्या गळ्यात मारायला आलाय. माझ्याकडेही आला होता. म्हणाला, फट मोठी करून देतो, उजेड येईल. मी म्हटलं, मला नको."

"मग? रागावला?"

"गेला. दुसरं काय करणार? माझ्याशी भांडायला त्याला आत यावं लागलं असतं," धनेशीण म्हणाली आणि पुन्हा फिसकन हसली.

खार काही हसली नाही. मनातल्या मनात ती शब्द घोळवत राहिली. मला नको. मला नको. पिल्लांच्या कानातही पुटपुटून पाहिलं. पण रिकाम्या दारासमोर म्हणणं वेगळं, आणि माणूस समोर उभा असताना म्हणणं वेगळं. माणूस काय आणि पक्षी काय, सारखंच.

दुसऱ्या दिवशी तिला भुकेनं चक्कर यायला लागली. तिनं पिल्लांना कापसात गुंडाळलं, म्हणाली, "गेले आणि आले हं बाळांनो," आणि समोरच्या उंबराखाली धावली. एक फळ खाल्लं, दुसरं तोंडात धरलं, आणि तिला आवाज आला.

ठक ठक ठक. तिच्याच झाडावरून.

फळ टाकून ती सुसाट निघाली. खोड चढून पाहते तर दाराची एक बाजू उडालेली! ढलप्या खाली पडतायत, काही आत पिल्लांवर पडतायत आणि सुतारपक्षी मान हलवून हलवून ठोकतोय.

"आलात? काल 'उद्या या' म्हणालात ना, म्हटलं तुम्ही येईपर्यंत सुरुवात करू."

खार त्याच्या पंखाखालून आत घुसली. आत पाहते तर खिडकीत काळी चोच! ताज्या लाकडाच्या ढलप्या जमिनीवर दिसल्या म्हणून एक कावळा चौकशीला आला होता. त्यानं मान खिडकीत घातली होती आणि एका पिल्लाकडे तो डोळा रोखून बघत होता.

खारीनं वळून शेपूट खिडकीत घातलं. कावळ्यानं ते चोचीत धरून ओढलं. इकडे दारात ठोकणं चालूच. त्या हादऱ्यानं एक पिल्लू घरंगळत मोठ्या झालेल्या दाराकडे निघालं. खारीनं पुढे झेप घेऊन त्याची मानगूट तोंडात धरली. मागून कावळा ओढतोय, पुढून दार मोठं होतंय, आणि मध्ये ती.

पोटाखाली पिल्लू दाबून धरलं तिनं, आणि ओरडली.

"नको! दादा, नको! मला दार नको, मला खिडकी नको होती! पहिल्या दिवसापासून नको होती!"

एवढ्याशा खारीचा आवाज तो केवढा! ठोकणं थांबलं. सुतारपक्ष्यानं आत पाहिलं. आजवर तो भिंती बघायचा, लाकूड बघायचा, आत कुणाला कसं वाटतंय ते बघायचा नाही. आता त्यानं तिन्ही पिल्लं बघितली, ताणलेलं शेपूट बघितलं, आणि त्या शेपटाच्या पलीकडचा कावळाही बघितला. तो तसाच उडून पलीकडच्या बाजूला गेला आणि आपली टणक चोच त्यानं कावळ्याच्या पाठीत अशी हाणली की कावळा काव करायचंसुद्धा विसरला. गेला तो गेला.

मग सुतारपक्षी दाराशी परत आला. खार पिल्लांना चाटून चाटून पाहत होती. तिन्ही धडधाकट होती.

"पहिल्या दिवसापासून?" सुतारपक्ष्यानं विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीत, ताई?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

सुतारपक्षी फांदीवर बसला. त्याचा तुरा खाली आला होता. "त्या पळसात माझीही पिल्लं आहेत. सकाळी निघतो, दारोदार फिरतो. ह्या वरच्या मावशी सोडल्या तर सगळे म्हणतात उद्या या. आणखी कुणी एकानं जरी नको म्हटलं असतं, तरी मी तिथला नाद सोडून पुढच्या दारी गेलो असतो. ज्याला खरंच काम करून हवंय, तो तरी सापडला असता." मग तो अडखळला. "पण दोष एकट्या तुमचा नाही. तुम्ही घाबरता हे मला दिसत होतं. घाबरलेल्या आईकडे काम लवकर मिळतं, हेही ठाऊक होतं. पलीकडच्या झाडावरची ती पिल्लं… ती मी मनानं रचली होती. तसं कुणी नव्हतंच."

खारीचा राग उफाळून आला. मग पळसातली पिल्लं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि राग अर्ध्यावर थांबला. "असं पुन्हा कुणाला सांगू नका, दादा," ती एवढंच म्हणाली. "आईचं काळीज असतं हो."

"नाही सांगणार. पण आता हे भोक? मला कोरता येतं, बुजवता येत नाही."

वरची चोच पुन्हा बाहेर आली. "अरे सुतारा, आता एकमेकांची तोंडं काय बघत बसलाय? आमचे हे येतीलच इतक्यात उंबरं घेऊन. त्यांना सांगते ओढ्याची चिकणमाती आणायला. तू जा, धावड्याच्या झाडाच्या सालीवर टोचे मार आणि डिंक काढून आण. लिंपायला ती खार आहेच. मी सांगते कसं लिंपायचं. एवढंच काम मला येतं, पण ते चांगलं येतं!"

तसंच झालं. धनेशानं माती आणली, सुतारपक्ष्यानं डिंक आणला. खारीनं आपल्या इवल्या हातांनी खिडकी बुजवली, दाराची तुटलेली कड पुन्हा उभी केली. संध्याकाळपर्यंत घर पहिल्यासारखं झालं. धनेशानं जाता जाता चार उंबरं जास्तीची टाकली. खारीनं ती खाल्ली, आणि त्या रात्री पिल्लं पोटभर पिऊन झोपली.

पुढे सुतारपक्ष्यानं प्रत्येक दारात सरळ विचारायला सुरुवात केली, "हवंय का? नको असेल तर तसं सांगा, मला राग नाही." लोकांना आधी जड गेलं, मग जमायला लागलं. नकोवाल्यांच्या दारात त्याचा वेळ जाईना. घर शोधत हिंडणारी पोपटांची एक जोडी त्याला भेटली, मग पिंगळे भेटले. वाळक्या लाकडात अळ्याही खूप निघाल्या. पळसातली पिल्लं गुबगुबीत झाली.

एक दिवस, खारीच्या पिल्लांचे डोळे उघडून थोडे दिवस झाले होते आणि ती तिघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून दुपारची निजली होती. सुतारपक्षी दाराशी आला. खोडावर ठोकलं नाही, नुसता खाकरला.

"काही काम आहे का, ताई?"

खारीनं पिल्लांवरचं शेपूट न हलवता मान वर केली. "नको, दादा. उन्हाचे आलात, सावलीत टेका जरा."

"नको, ताई. पलीकडे वाट बघतायत," तो म्हणाला. दोघंही हसले आणि तो उडाला.

एकाही पिल्लाची झोप मोडली नाही.

बोध: नको असेल तिथे 'बघू, उद्या या' म्हणू नये; मायेनं पण वेळेवर म्हटलेला 'नको' आपलंही घर राखतो आणि समोरच्याचंही.