कुंकुमावतीचा न सरणारा उत्सव

कृतयुग मावळत होते आणि त्रेतायुगाची पावले अजून वाजली नव्हती, अशा संधिकाळी पयोधारा नदीच्या तीरावर कुंकुमावती नावाची नगरी नांदत होती. सुवर्णकलशांनी मंडित तिची मंदिरे, वीणामृदंगांनी निनादणारे तिचे चौक आणि वसंतात भरणारा तिचा देवीचा उत्सव यांची कीर्ती अशी, की स्वर्गातले गंधर्वसुद्धा म्हणे वेश पालटून तेथे येत आणि गर्दीत मुकाट्याने धक्के खात. त्या नगरीत दिलेल्या कुमुदा नामक धाकट्या बहिणीसाठी दर्भायण मुनी हिमालयातून निघाले होते. ती गर्भवती असताना ते समाधीत बसले, ते शंभर वर्षांनी उठले. कुमुदा आता कुठली असायला, निदान तिची नातवंडे तरी डोळ्यांनी पाहावीत, एवढीच त्या वृद्ध तपस्व्याची आस होती. ब्रह्मज्ञान झाले म्हणून बहिणीची माया थोडीच सुटते.

वेशीपाशीच मुनींचे पाऊल अडखळले. आम्रपल्लवांची तोरणे हिरवीगार होती, पण फुलांच्या एकाही माळेवर भुंगा नव्हता. सहस्रावधी नागरिक रांगोळ्यांवरून नाचत होते आणि रांगोळीचा कणही विस्कटत नव्हता. नाचणाऱ्यांच्या ओठांवर हसू होते. डोळे मात्र झोपेची भीक मागत होते. स्मशानात पुरुषभर गवत माजले होते आणि एवढ्या मोठ्या नगरीत कोठूनही तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येत नव्हते. मुनी घाबरले. हिमालयात वाघसिंहांच्या शेजारी बसताना ते कधी घाबरले नव्हते.

बहिणीच्या दारी जाऊन त्यांनी सवयीने हाक मारली, तर हिरव्या चुड्यातली कुमुदाच बाहेर आली. तीच तरुण मुद्रा, तेच भरत आलेले दिवस.

"दादा? किती म्हातारा झालास रे," असे म्हणून ती रडू लागली.

मग तिने घडले ते सांगितले. त्या वर्षी उत्सवाअखेर देवीच्या पाठवणीच्या वेळी राजा रत्नकेतूने देवीचे पाय धरले आणि म्हटले, "माते, तू आमची माहेरवाशीण. आता जाऊ नकोस. हा उत्सव कधी सरू नये, एवढाच वर दे." देवी भक्ताच्या शब्दात सापडली. ती म्हणाली, "तथास्तु. येथली सुवासिनी ओटी भरून मला निरोप देईपर्यंत मी येथेच राहीन; आणि मी आहे तोवर येथे काहीही सरणार नाही."

"आम्ही घरोघर गूळ वाटला, दादा," कुमुदा म्हणाली. "काही सरणार नाही म्हणजे माझे दिवसही सरणार नाहीत, हे कोणाच्या ध्यानात यावे?"

इतक्यात तिच्या उदरातून बारीक, पण स्पष्ट आवाज आला. "आई, कोण आले आहे?"

कुमुदेने पोटावर हात ठेवला. "मामा आलाय, राजा." मग भावाकडे वळून ती म्हणाली, "आधी नुसता लाथा मारायचा. पुढे बोलायला लागला. आता रोज एकच विचारतो, बाहेर जायला वाट आहे का म्हणून. निरोपाचा मंत्र पुरोहितांनी राजाज्ञेने टाकून दिला. तुला तो येतो ना?"

"नाही येत," मुनी म्हणाले. शंभर वर्षांच्या तपानंतरचे त्यांचे हे पहिले असत्य.

"दादा."

"कुमुदे, निरोप दिलास की थोपलेला सारा काळ एका क्षणात तुझ्या अंगावर कोसळेल. तू जाशील."

"आणि हा?"

"जो जन्मलाच नाही, त्याच्यावर काळाची सत्ता नाही. तो जगेल."

"मग झाले तर," असे म्हणून कुमुदा ओटीचे तबक घेऊन चालू लागली.

मंडपात रत्नकेतू मूर्तीपुढे नाचत होता. तबक पाहताच त्याला सारे उमगले. नाचता नाचताच तो म्हणाला, "हे साध्वी, विचार कर. हे अखंड मंगल, हे अनुपम वैभव, ही इंद्रालाही हेवा वाटावा अशी नगरी तुझ्या एका शब्दाने धुळीस मिळेल."

"महाराज, लेकीला कायमची माहेरी डांबणारा बाप तिचा संसार मोडतो. एकदा तिच्या पायांकडे तरी बघा."

शंभर वर्षे देवीचे मुख न्याहाळणाऱ्या राजाने प्रथमच खाली पाहिले. उभे राहून राहून मातीचे ते पाय सुजले होते, टाचांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून पाणी झिरपत होते. राजा बाजूला झाला.

मागोमाग आलेले मुनी मंत्राचा एकेक शब्द सांगत गेले आणि कुमुदा म्हणत गेली. तिने ओटी भरली. मूर्ती आपण होऊन वळली आणि नदीकडे चालू लागली. मृदंग थांबले. "फार दमलो होतो," असे म्हणून राजा पायरीवर बसला, तो पुन्हा उठला नाही. तोरणे वाळली, भिंती खचल्या आणि हसरे नागरिक जागच्या जागी डोळे मिटून शांत होत गेले. कुमुदेचे केस पांढरे झाले. त्याच क्षणी तिचे बाळ जन्माला आले आणि टाहो फोडून रडले. ते रडणे ऐकून ती कृतार्थ झाली, पण तिचा प्राण निघेना. मुनींनी तिचा हात धरला होता आणि त्यांचे तपोबल प्राणाला वाट देत नव्हते.

"दादा, हात सोड ना."

पाण्यातून देवी बोलली, "तपोधना, प्रेमाने अडवलेलाही बंदीच असतो. यापुढे माझ्या जाण्याची तिथी ठरवल्यावाचून मला कोणी बोलावू नये. बोलावले तरी मी येणार नाही."

मुनींनी हात सोडला. "ये, कुमुदे," एवढेच ते कसेबसे म्हणाले.

तेव्हापासून देवी येते ती जाण्याचा दिवस ठरवून. पाठवणीला माणसे रडतात, पण तिचे पाय कोणी धरत नाही. कुंकुमावतीच्या जागी आता गवताळ टेकाड आहे. दर्भायण मुनींनी भाच्याला आश्रमात वाढवले. एके सकाळी तो पहिल्यांदा उभा राहिला आणि धडपडत कुटीच्या दाराकडे निघाला. त्याला धरायला मुनींचा हात पुढे झाला. मग तो त्यांनी मागे घेतला.