हैबताचा फेरा

ब्रह्मदेशात मोठी लढाई पेटली होती, त्या काळची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कोयनेच्या खोऱ्यात आडुळशी नावाचं गाव. तिथं गोजराबाई शेडगे राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरी एकुलता एक लेक, हैबत. गोजरा येसाईदेवीची मोठी भक्त. मंगळवार म्हणू नका, पौर्णिमा म्हणू नका, एक उपास सोडायची नाही. दीर थट्टा करायचा, "वैनी, तुमच्या घरात चुलीला बी उपास घडतोय!"

त्या डोंगरात भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. गोजराची एक रीत होती. आग लावण्याआधी थाळी वाजवत वाफ्याभोवती एक फेरा घालायचा आणि हाळी द्यायची, "निघा गं बयांनो, पिल्लं घ्या आन निघा!" एका वर्षी हैबतानं घाई केली. फेरा न घालताच काडी ओढली. राखेत तितराचं घरटं निघालं. गोजरा रागावली नाही. "तुझ्या हातनं झालं, उपास मी धरते," एवढंच म्हणाली. अकरा दिवस तिनं तो धरला, आणि अकरा दिवस लेकाला ताटातला घास गोड लागला नाही.

हाच हैबत पुढं शिकला, सवरला आणि थेट बॉम्बफेकी विमान चालवायला लागला. आडुळशीत तोवर कुणी मोटारही चालवली नव्हती. लढाईवर निघताना तो आईच्या पाया पडला.

"वरनं काय टाकतोस रं?"

"आग, आई. दुश्मनाच्या दारूगोळ्यावर."

"शेजारी गाव असंल की. त्यास्नी लेकरं न्हाईत?"

गोजरानं त्याच्या कपाळी येसाईचा भंडारा लावला. "आधी एक फेरा घालायचा. मंग काय टाकायचं ते टाक."

"वैनी, तिथं का राब भाजायचाय?" दीर हसला. हैबत मात्र हसला नाही. त्यानं शब्द दिला.

असं म्हणतात, त्याचं विमान आलं की घारी वाट सोडून बाजूला व्हायच्या. असं म्हणतात, तिकडच्या रानातल्या बायकांना ते विमान ओळखू यायचं. त्यानं फेरा धरला की त्या लेकरं काखेत मारून नदीकडं धावायच्या. वरचे साहेब बजावत, "शेडगे, या फेऱ्यात एक दिवस जाशील." तो म्हणायचा, "आईला शब्द दिलाय, साहेब."

आणि तसंच झालं. एका गावाला खेटून शत्रूचं दारूचं कोठार होतं. हैबतानं फेरा धरला, तेवढ्यात खालच्या तोफेनं पंख पेटवला. मागं बंदुकीवर बसलेल्या नंबियारला त्यानं छत्री घेऊन उडी मारायला लावली. पण स्वतः उडी घेतली असती, तर पेटतं विमान गावावर कोसळलं असतं. म्हणून त्यानं उरलेला फेरा पुरा केला आणि विमानासकट कोठारावर झेप घेतली. असं म्हणतात, कोठार आठ दिवस जळत होतं, पण गावातल्या एका झोपडीचं गवत करपलं नाही.

फेरा घालताना हैबत पडला, अशी आडुळशीत तार आली, तशी गोजरा खाली बसली. "माझ्या फेऱ्यानं गेला माझा लेक." त्या दिवसापासून तिनं देवीपुढं दिवा लावला नाही. दोन वर्षं येसाईचं देऊळ तिनं पाहिलं नाही.

लढाई संपल्यावर नंबियार पत्ता शोधत आला. त्याला कोठाराशेजारच्या त्या गावानंच महिनाभर लपवून ठेवलं होतं. मोडक्यातोडक्या मराठीत तो म्हणाला, "आई, त्या फेऱ्यात एक्केचाळीस लेकरं नदीपार गेली. मी मोजली."

गोजरानं विचारलं, "समदी जगली?"

"सगळी."

गोजरा उठली. न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली. सुताराकडून एक लाकडी पाळणा करवून घेतला आणि डोईवर घेऊन, अनवाणी, येसाईचा चढ चढली. मूल झालं की नवसाचा पाळणा वाहतात, तसा तिनं तो देवीपुढं बांधला. "माझ्या हैबताची एक्केचाळीस लेकरं हायती, आई. त्यास्नी सांभाळ."

अजूनही चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत येसाईला पहिला पाळणा जातो तो हैबताच्या लेकरांचा. मागाहून गावातल्या बाळांचे. हैबताचं लग्न झालं नव्हतं; पण आडुळशीत त्याला बिनलेकराचा म्हणून तर बघा, म्हातारी माणसंसुद्धा काठी उगारतील.