गोजराईचा कातळ

ऐका. खैरोली आज दिसते तशी तेव्हा नव्हती. फार वर्षांपूर्वी या गावाला आभाळच नव्हतं, असं म्हणतात.

म्हणजे दिवसा होतं. सूर्य उगवायचा, घारी फिरायच्या, ढग यायचे आणि जायचे. पण दिवस मावळला की वर काही दिसायचं नाही. चारी बाजूंनी टेकड्या आणि मधे परातीत ठेवल्यासारखं गाव. ओढ्याकाठची चुनखडी सगळ्या मुलखात नावाजलेली, म्हणून गावाभोवती लोणाऱ्यांच्या चुन्याच्या भट्ट्या. त्या रात्रंदिवस धगधगायच्या. धूर टेकड्यांना अडायचा आणि तिन्हीसांजेला गार होऊन गावावर उतरायचा. त्याच्यावर भट्ट्यांचा तांबूस उजेड पडायचा. खैरोलीत जन्मलेली कित्येक माणसं चांदण्या न बघताच म्हातारी झाली, असं म्हणतात.

अशा गावात गोजरा लग्न होऊन आली. ती धनगराची लेक. मेंढरांमागं माळावर वाढलेली, उघड्यावर निजलेली. तिचा नवरा म्हाळू. तोही धनगरच. दिवाळी झाली की म्हाळू आणि त्याचे भाऊबंद मेंढरं घेऊन घाट उतरायचे, कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. बायकाही बरोबर जायच्या. पण गोजराची सासू लखाबाई हिच्या अंगावरून वारं गेलेलं. तिला उठवायला, भरवायला कोणीतरी हवं. म्हणून गोजरा मागं राहिली.

निघताना म्हाळू म्हणाला, "माघात दिवं लागायच्या वक्ताला कृत्तिका डोक्यावर येत्यात. तवा तू वर बघ. मीबी बघतो. म्हंजे आपण येकाच जागी हाय असं व्हईल."

गोजरानं मान हलवली. माघ आला. गोजरानं अंगणात उभं राहून वर बघितलं. वर नुसता धूर. तिनं दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. मग ती आत येऊन चुलीपुढं बसली आणि रडायला लागली.

लखाबाईला हात हलवता येत नव्हता, पण कान आणि जीभ शाबूत होती. ती म्हणाली, "का रडतीस?"

"आत्याबाई, तिकडं त्यो वर बघत आसंल. आन मी हितं धूर बघतीया."

लखाबाई म्हणाली, "मला खाऊ घालून जा. आभाळ काय मरून पडलंय व्हय? आसंल की कुठंतरी."

तेव्हा गोजरा आभाळ शोधायला बाहेर पडली.

आधी ती देवीच्या टेकडीवर गेली. टेकडी उंच होती, धुराच्या वर होती. पण भट्ट्या खाली पायाशीच. त्यांचा उजेड डोळ्यांत भरायचा आणि चांदण्या फिक्या पडायच्या. मग ती ओढ्याच्या पात्रात गेली. तिथं अंधार गडद होता, पण दोन्ही दरडी अशा उंच की आभाळाची नुसती चिंधी दिसायची, आणि त्या चिंधीतही धुकं भरलेलं. मग एका बाभळीच्या रानात गेली. तिथं फांद्यांच्या आड काही दिसेना.

राहिली पश्चिमेच्या टेकड्यांची धार. त्या धारेपलीकडं माळ होता आणि त्या माळाला गाव भ्यायचं. तिकडं दिवे लागल्यावर कोणी जात नव्हतं. तिथं हाका ऐकू येतात, गेलेला माणूस परत येत नाही, असं जुनी माणसं सांगायची. वाटेवर धोंडी लोणारी भेटला. सगळ्या भट्ट्यांचा तो म्होरक्या. त्यानं तिला अडवलं.

"पोरी, तिकडं जाऊ नगंस. त्यो माळ बरा न्हवं."

"दादा, माळावर माझा जल्म गेलाय," गोजरा म्हणाली. "मला घराचं भ्या वाटतं, माळाचं न्हाय."

ती धार चढली आणि पलीकडं उतरली. उतरताक्षणी भट्ट्यांचा उजेड धारेमागं बुडाला. धूर अलीकडं राहिला. पुढं एक काळा सपाट कातळ होता, दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट. त्याच्यापुढं एक झाड नाही, एक टेकाड नाही. पार सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत आभाळ जमिनीला टेकलेलं. गोजरानं मान वर केली. बरोब्बर डोक्यावर कृत्तिकांचा झुबका. त्या रात्री एवढ्या चांदण्या होत्या की चंद्र नसतानाही गोजराची सावली कातळावर पडली, असं म्हणतात.

हाका मात्र तिला ऐकू आल्याच. टिटव्या होत्या त्या.

त्या दिवसापासून गोजरा रोज जायला लागली. गाव तिला आभाळवेडी म्हणायला लागलं. पण ज्यांची माणसं दूर गेली होती अशा दोघी-तिघी बायका एके दिवशी तिच्या मागोमाग गेल्या आणि परत आल्या त्या हलक्या होऊन. मग आणखी गेल्या. ज्यांना धार चढवत नव्हती त्यांच्यासाठी गोजरानं जवळच्या जागा हुडकल्या. दक्षिणेला खाली लोंबणारा अगस्ती बघायला कुंभाराच्या मळ्यामागचा बांध. ध्रुव बघायला उत्तरेची खिंड. लखाबाईला तर तिनं पाठीवर घोंगड्यात बांधून बांधापर्यंत नेलं. म्हातारीनं अगस्तीकडं बघून म्हटलं, "बाई, ह्यो अजून जित्ता हाय म्हनायचा!"

वैशाख सरत आला. इतर गावांचे धनगर परतले. खैरोलीचे आले नाहीत.

एके दिवशी मिठाचे बैल घेऊन एक लमाण गावात आला. पाणी पिऊन तो म्हणाला, "घाट बंद झाला. वळीव असा पडला की दरड खाली आली, वाट गेली. तुमची माणसं दुसऱ्या अंगानं डोंगरात शिरलीत. त्या रानात वाट न्हाय, वाघ हाय. आणि आठवडाभरात मोठा पाऊस उतरंल. मग मधल्या नद्या भरतील."

गावात रडारड झाली. शोधायला कोण जाणार, आणि एवढ्या रानात कुठं शोधणार? माणसं चावडीवर बसून राहिली. तेव्हा गोजरा पुढं आली. तोवर ती चावडीवर चारचौघांपुढं कधी बोलली नव्हती.

ती म्हणाली, "माझ्या कातळावरनं सगळा सह्याद्री दिसतो. तवा सगळ्या सह्याद्रीवरनं माझा कातळ दिसत आसंल. तिथं जाळ करू. ती आपल्याला घावणार न्हाईत, पण आपण त्यांला घावू."

"केवढा जाळ लागंल?" कोणीतरी विचारलं. "एवढं लाकूड हाय कुठं?"

सगळ्यांच्या नजरा धोंडी लोणाऱ्याकडं गेल्या. गावातलं सगळं लाकूड त्याच्या भट्ट्यांपाशी रचलेलं होतं. भट्टी मधेच विझली तर आतला चुना कच्चा राहतो, मातीमोल होतो. धोंडी उठला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून चुंबळ केली आणि पहिला भारा स्वतः उचलला.

ज्या माळाला गाव भ्यायचं त्या माळावर अख्खं गाव चढलं. दिवस मावळताना गोजरानं कातळावर जाळ केला. तो झाडाएवढा उंच गेला. रोज दिवस मावळला की जाळ, उजाडेपर्यंत. मधेच एकदा वळीव कोसळला, पण गोजरा जाळावर घोंगडं धरून उभी राहिली. पाऊस आजूबाजूला पडला, जाळावर पडला नाही, असं म्हणतात.

इकडं लाकूड माळावर गेलं तशा भट्ट्या एकेक विझल्या. धूर विरला. आणि एका संध्याकाळी खैरोलीची पोरं अंगणातून ओरडायला लागली. गावावर चांदण्या आल्या होत्या. लखाबाईची खाट शेजाऱ्यांनी बाहेर काढली. पण त्या संध्याकाळी कोणाला धड हसता येईना, कारण माणसं अजून आली नव्हती, आणि पश्चिमेला ढगांची रांग उभी राहिली होती.

शेवटी लाकूड संपलं. गोजरा मात्र कातळावरून हलली नाही. लाकूड संपलं तरी जाळ तसाच उभा राहिला, असं म्हणतात. कोणी सांगतात की कृत्तिकांचं दैवत अग्नी; त्या पहाटेच्या आधी उगवल्या आणि त्यांनीच जाळ धरून ठेवला. कोणी सांगतात की गोजरानं आपली काठी, आपलं घोंगडं, हाताला लागेल ते सगळं जाळात घातलं. काहीही असो. उजाडायला लागलं आणि खालच्या उतारावरून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. मग घंटा वाजल्या. मग मेंढरांचा पांढरा-काळा लोट धुक्यातून वर येताना दिसला, आणि त्यांच्या मागं माणसं, फाटलेली, खरचटलेली, चालत येणारी.

गोजरानं आधी म्हाळूचं नाव घेतलं नाही. ती ओरडली, "माणसं सगळी हायती का?"

खालून म्हाळूचा आवाज आला, "सगळी हायती!"

तेव्हा कुठं ती खाली बसली. बायका हसत होत्या आणि रडत होत्या, पोरं मेंढरांत घुसली होती. धोंडी लोणारी एका कोकराला छातीशी धरून कितीतरी वेळ नुसता उभा होता.

म्हाळू तिच्याजवळ येऊन टेकला. म्हणाला, "दिस बुडला की तांबडी ज्येष्ठा उगवायची. तिच्याच खाली आणिक येक तांबडी चांदणी दिसायची. ज्येष्ठा वर चढायची, पण ती जागची हलायची न्हाय. म्हटलं, ही उगवत न्हाय, मावळत न्हाय, ही कुठली? मग तिच्याकडंच चालत ऱ्हायलो."

"चांदणी न्हवं," गोजरा म्हणाली, "मी हुते."

त्या संध्याकाळी मोठा पाऊस आला. तेव्हा खैरोलीत प्रत्येक माणूस आपापल्या छपराखाली होता.

गोजरा पुढं खूप जगली. तिनं कोणालाच आपला शेवट बघू दिला नाही, एका संध्याकाळी ती कातळावर गेली आणि आभाळातच निघून गेली, असं म्हणतात. गाव तिला गोजराई म्हणायला लागलं.

आता भट्ट्या राहिल्या नाहीत. विजेचे दिवे आले, धार फोडून रस्ता झाला. तरी वैशाख अमावास्येला दिवस मावळला की खैरोली आपले सगळे दिवे मालवते. दुकानदार पाट्या विझवतो, एसटी फाट्यावर दिवे मंद करून उभी राहते. सगळं गाव कातळावर जमतं आणि लोणाऱ्यांच्या घरचा माणूस जाळ पेटवतो. मग एकेका घराला हाक मारतात. "माणसं सगळी हायती का?" घरातलं थोरलं माणूस उत्तर देतं, "हायती!" कोणाचा मुलगा ट्रक घेऊन गुजरातला गेलेला असतो, कोणाची लेक पुण्यात शिकायला. त्यांना फोन लावतात. फोन लागला नाही तर सगळं गाव थांबतं, जाळात आणखी लाकूड घालतं, पोरांना मांडीवर निजवतं. घाई कोणी करत नाही.

आणि शेवटच्या घराचं "हायती" आलं की जाळावर माती लोटतात. एकदम अंधार होतो. माणसं कोमट कातळावर उताणी पडतात आणि वर बघत राहतात.