विचारून चालणारं राज्य

एका मेजावरच्या फोनला छोटीशी खिडकी होती आणि त्या खिडकीच्या आत एक राज्य होतं. राज्य म्हणजे एक लांबच लांब पान, खिडकी मात्र पाच ओळींची. त्यामुळे ज्या पाच ओळी खिडकीत दिसत त्यांना जग म्हणत आणि उरलेल्यांना ‘खालची मंडळी’.

खिडकीत सगळ्यांत वर मथळेराव बसत. ते ठळक होते, आणि ठळक असण्यालाच ते शहाणपण समजत. त्यांच्याखाली त्यांच्या मर्जीतल्या चार ओळी. खिडकी वरखाली न्यायला दोन बाण ठेवलेले होते. वरच्या बाणाला उसंत नसे. खालचा बाण बहुतेक वेळ जांभया देत असे, कारण खिडकी खाली गेली की मथळेराव दिसेनासे होत, आणि आपण दिसलो नाही तर राज्य चालणार कसं, हा त्यांचा अगदी प्रामाणिक प्रश्न होता.

या राज्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता. तिथे सगळं विचारून केलं जाई. त्यासाठी विचारणाबाईंची नेमणूक होती. काही करायचं झालं की बाई मोठी पाटी घेऊन खिडकीच्या मधोमध उभ्या राहत. पाटीवर प्रश्न असे आणि प्रश्नाखाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नको’. ‘होय’वर आधीपासूनच उजेड असे. ‘नको’ पाटीच्याच करड्या रंगाचं होतं. शोधलं तर सापडे. बाई उभ्या असेपर्यंत कुणालाही हलता येत नसे, त्यामुळे प्रश्न वाचत बसणं हे तिथे उद्धटपणाचं लक्षण होतं. चांगल्या वळणाच्या ओळी पाटी पुरती वर येण्याआधीच ‘होय’ दाबून मोकळ्या होत.

नवी ओळ लग्न होऊन या पानावर आली ती थेट तळाला. तिचा नवरा स्वल्पविराम होता. स्वभावाने गरीब. प्रत्येक वाक्यात थोडा थांबायचा, आणि मग वाक्य जाईल तिकडे जायचा.

नव्या ओळीच्या पायाशी एक निळी रेघ होती. माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, की अशी रेघ म्हणजे वाट असते; ओळ खिडकीत आली की ती वाट उघडते आणि ओळ आपल्या जुन्या पानावर जाऊ शकते. सासरी मात्र रेघेचं कौतुक दागिना म्हणून झालं.

“नाजूक आहे हो,” मर्जीतली एक ओळ म्हणाली. “रोजच्याला नका वापरू. झिजेल.”

स्वागतापुरती खिडकी तळापर्यंत आणली होती. लगेच पाटी आली. ‘यापुढे हेच पान घर समजायचं ना?’ नवी ओळ वाचू लागली. ती ‘हेच’पर्यंत पोचली असेल नसेल, तोच वरून आवाज आले.

“अगं, दाब की.”

“सगळे खोळंबलेत बघ.”

“वाचतेय वाटतं. शिकलेली आहे म्हणे.”

तिने दाबलं. खिडकी तरातरा वर गेली. मथळेराव आपल्या जागी बसत म्हणाले, “आमच्याकडे कुणावर जबरदस्ती नसते.”

काही दिवसांनी माहेरच्या पानावरून उडत उडत बातमी आली, की नव्या ओळीची आई पुसट होत चालली आहे. आई त्या पानावरची जुनी ओळ. अजून तिची अक्षरं लागत होती, पण फार दिवस लागणार नव्हती.

नव्या ओळीने आधी नवऱ्याला सांगितलं. “बघू,” तो म्हणाला आणि थांबला. मग तिने वर निरोप पाठवला.

“जा की,” मथळेराव म्हणाले. “नाही कोण म्हणतंय? फक्त सगळ्यांना विचारून जा.”

खालचा बाण तिचा धाकटा दीर लागत होता. काम मिळालं म्हणून तो खूश झाला. “बसा वहिनी, आणतो खिडकी तुमच्यापर्यंत.” पण खिडकी जरा खाली सरकली, की विचारणाबाई आडव्या येत. ‘पुन्हा वर जायचं ना?’ ज्यांच्यासमोर पाटी येई त्यांना ती हटण्याचीच घाई. कुणीतरी ‘होय’ दाबे, खिडकी पुन्हा मथळेरावांपाशी. हे किती वेळा झालं याला गणती नाही.

“मी कुठे अडवलं?” मथळेराव म्हणत. “विचारलं. सगळे हो म्हणाले.”

“वहिनी, माझे खांदे गेले,” बाण म्हणाला. “त्या बाईंच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.”

नवी ओळ मात्र बाईंच्या तोंडी लागली. त्या पाटी पुसत बसल्या होत्या.

“दमत असाल ना हो?” तिने विचारलं.

बाईंचा हात थांबला. आजवर त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“पाटीवर काय लिहायचं ते कोण सांगतं?”

“जो येऊन सांगेल तो. मथळेराव येतात. बाकी कुणी फिरकत नाही.”

“तसा नियम आहे?”

“नाही बाई. नियम एकच, उजेड ‘होय’वर.”

“मग मी सांगू?”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि खडू उचलला.

दुसऱ्या दिवशी मथळेराव आपण ठळक कसे झालो हे सांगण्यात रंगले होते. पाटी वर आली. ‘नव्या ओळीला आईकडे पोचवायचं ना?’ सगळं जागच्या जागी थबकलं. “दाबा हो कुणीतरी,” मर्जीतल्या ओळी कुरकुरल्या. मथळेरावांनी बोलणं न थांबवता, पाटीकडे न बघता, स्वतःच दाबलं.

खालचा बाण सुटला. मथळेराव वाक्याच्या मध्येच खिडकीबाहेर गेले.

“हे कुणी विचारलं?” वरून त्यांचा आवाज आला.

“विचारलं होतं की,” खालच्या मंडळीतून कुणीसं म्हणालं. “तुम्हीच हो म्हणालात.”

खिडकी तळाला टेकली. स्वल्पविराम थोडा थांबला. “जाऊन ये,” तो म्हणाला. त्याच्या मानाने हे पुष्कळच होतं. मग निळी रेघ उघडली.

माहेरचं पान खिडकीत आलं. आई मध्येच कुठेतरी होती, फिकी, कडेकडेने विरलेली. नव्या ओळीने तिचं पहिलं अक्षर ओळखलं, आणि तेवढ्यात नेमकी आईच्या पुढ्यात एक पाटी येऊन उभी राहिली. पाटी धरणारी बाई वेगळी होती. ‘आता सासरी परत जायचं ना?’ उजेड ‘होय’वर.

“आई, इथेही?”

“इथेही गं,” पाटीमागून आईचा आवाज आला. “विचारतात, हेच पुष्कळ. दाब बघू, लोक ताटकळतील.”

नव्या ओळीने बटणाकडे पाहिलं. मग तिने पाटी वाचायला घेतली, पहिल्या शब्दापासून, एकही काना-मात्रा न सोडता. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पान कुरकुरलं, चिडलं, शेवटी कंटाळून गप्प झालं. बराच वेळ कुणी काहीच दाबत नाही असं पाहून खिडकी आपणहून मंद होऊ लागली. आधी प्रश्नाची अक्षरं विरली. मग ‘होय’वरचा उजेड उतरत उतरत गेला, आणि त्या अंधुकात पहिल्यांदाच दोन्ही बटणं एकाच रंगाची दिसली.