सात हातांचा दोर

घायपाताचा दोर कातळावर ताणून ओढला की सर्र असा आवाज होतो. तुळाजी आबांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते चारेक वर्षांचे असतील. आई वाकून दोर ताणत होती आणि आबा तिच्या लुगड्याला धरून उभे होते. त्याला आता सत्तर-पंचाहत्तर वर्षं होत आली, पण डोळे मिटले की तो आवाज अजून कानात येतो.

आबांच्या गावाच्या, धामणदऱ्याच्या वर, डोंगराची पायवाट सुरू होते तिथे तो कातळ आहे. त्याच्या अंगावर सात हात लांब खोबण आहे. नीट पाहिलं तर खोबणीत दोराचे पीळही दिसतात.

त्या दिवशी कातळावर आबांच्या शेजारी कुलथे मॅडम बसल्या होत्या. त्या पवनचक्कीच्या कंपनीकडून आलेल्या इंजिनियर. पठारावर सहा चक्क्या उभ्या करायच्या होत्या. वारा भरपूर होता, गावालाही वीज हवी होती. अडलं होतं ते रस्त्यापाशी. "आम्हाला फक्त एक रस्ता हवाय," असं मॅडम ग्रामसभेत म्हणाल्या, तेव्हा सरपंचांनी सांगितलं, की डोंगराचं काहीही घ्यायचं तर आधी दोराच्या कातळापाशी जायची इथली रीत आहे. काय ते आबा सांगतील. म्हणून त्या आल्या होत्या. हातात रस्ता मोजायचं पिवळं चाक होतं. आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सावकाश सांगायला लागले.

फार मागे, असं सांगतात, हा डोंगर पार बोडका झाला होता. कोळसा पाडणारे येत आणि झाडं जात. मग डोंगराच्या कुशीतला झरा आटला. बाया तीन कोसांवरून पाणी आणू लागल्या. शेवटी सगळ्या गावाने कोरड्या झऱ्यात उभं राहून रानाच्या देवीला, रानजाईला शब्द दिला : घरटी दिवसाला एक मोळी, वर एक काडी नाही. काही वर्षांनी रान फुटलं आणि झरा पुन्हा वाहू लागला.

तो शब्द नीट पाळला गेला, सुभानजी पाटलाच्या थोरल्या मुलीचं लग्न निघेपर्यंत. पाच गावांचं जेवण होतं, लाकूड भरपूर लागणार होतं. पाटील काही शब्द मोडणारा नव्हता. झऱ्यात सगळ्यांच्या पुढे उभा राहिला होता तो तोच. तो दोर वळणाऱ्या सगुणाकडे गेला आणि त्याने शंभर हातांचा दोर वळून घेतला. त्या दोरात बांधलेला भारा चाळीस गड्यांनी ओढत गावात आणला. पाटलाने म्हणे मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मोजा की. मोळी एकच हाय."

लोक हसले. पाटलाच्या डोक्याचं कौतुक झालं. आबांची आई म्हणायची, त्या दिवशी एक जण जरी हसला नसता तरी पुढचं टळलं असतं.

मग घरोघरचा दोर वाढू लागला. कुणाचा वीस हात, कुणाचा तीस. शब्द कुणीच मोडत नव्हतं. सगुणाला उसंत नव्हती. घायपाताची पानं चेचायची, वाख काढायचा, धुवायचा, पीळ घालायचा. तिच्या घरात कधी नव्हे तो जोंधळा शिल्लक राहू लागला. आणि एका सकाळी ती वाख धुवायला झऱ्यावर गेली, तर वाख बुडेल एवढंही पाणी नव्हतं. ती तिथेच बसून राहिली. आपण वळलेला एकेक दोर तिला आठवत होता, कुणाचा किती हात ते सुद्धा.

त्याच वर्षी पाटलाच्या धाकटीचं लग्न ठरलं. या वेळी दोर सांगितला दीडशे हात. रानात जायच्या दिवशी सगळं गाव या कातळापाशी जमलं. सगुणा आली, ती सात हातांचा दोर घेऊन. बाकीचा कुठं वाटेत सांडलास का म्हातारे, असं पाटलाने विचारलं आणि लोक पुन्हा हसले. तिने दोर कातळावर ताणून ठेवला.

"पाटील, एका डोक्यावर येती ती मोळी," ती म्हणाली. "चाळीस जणं लागत्यात तिला मोळी कशी म्हणावं? ह्या हातांनी म्या तुमास्नी लबाडीला दोर दिला. आता ह्यापरीस लांब वळायची न्हाय."

आता कुणी हसलं नाही. दोरांच्या बदल्यात मिळणारं सुगीचं धान्य बंद करीन, असं पाटलाने तिला बजावलं.  सगुणा वळली आणि चालू लागली, ती घराकडे नव्हे, गावाबाहेर. पुन्हा कुणाला दिसली नाही. पाटलाने रागाने दोर उचलायला हात घातला, तर म्हणे दोर निघेना. पिळासकट कातळात रुतून बसला होता.

त्या लग्नात एकच चूल पेटली आणि पाच गावांनी आंबील पिऊन अक्षता टाकल्या, असं सांगतात. पाण्याचं मात्र आबा कुणाला वाढवून सांगत नाहीत. झरा लगेच आला नाही. सात वर्षं लागली, आणि तो पाहायला सगुणा नव्हती.

आजही धामणदऱ्यात सासू नव्या सुनेच्या हातात सात हातांचा दोर देते. घरोघर गॅस आला, मोळीला फारसं कुणी जात नाही. तरी दोर आधी या कातळावर ताणतात आणि खोबणीबाहेर जाईल तेवढा तिथेच कोयत्याने तोडतात.

आबांनी खोबणीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ताई, तुमच्या चक्कीचं एक पातं केवढं असतंय?"

"पन्नास मीटर."

"आन ते वर न्हेताना वळणावर फिरवायला झाडं किती जात्याल?"

मॅडमनी कागद उलगडून पाहिला. "बाराशे. पण आबा, रस्ता एकच..."

त्या बोलता बोलता थांबल्या. आबांनी नजर वळवली. वीज त्यांनाही हवी होती.

मॅडमनी चाक खोबणीच्या एका टोकाला टेकवलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवत नेलं. आकडा पाहिला. कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. गाडी खाली गावात उभी होती. त्यांनी चाक खांद्यावर घेतलं आणि रस्त्याला दुसरी वाट सापडते का ते पाहायला वरच्या पायवाटेने चालू लागल्या.