दोन खांद्यांचा दरवाजा

फार पूर्वी एका डोंगराळ गावात भैरोबाचं देऊळ होतं, आणि त्या देवळाचा दरवाजा एकट्याने कधीच उघडत नसे.

त्याची सागवानी कवाडं इतकी जड, की दोघांनी एकदम खांदा लावला तरच हलायची. म्हणून गावात रीतच पडली होती: रोज पहाटे दरवाजा उघडायला एक जण वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. दरवाजा करकरला की घरोघर चुली पेटत. ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांच्या कानातून तो कधी गेला नाही.

पाटाच्या पाण्यावरून आळ्यांची भांडणं तेव्हाही होत. पण पहाटे "लाव रे खांदा" एवढं तरी म्हणावंच लागे. एकदा तोंड उघडलं की अबोला फार टिकत नसे.

पुढे पाटलाला त्या दरवाजाची लाज वाटू लागली. "देवाला भेटायलाही हमाली करायची?" तो म्हणाला आणि त्याने नवा, हलका, नक्षीदार दरवाजा बसवला. करंगळीने उघडायचा. गाव खूश झालं. म्हाताऱ्या गुरविणीने मात्र जुनी कवाडं आपल्या गोठ्यात ठेवून घेतली.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. वरच्या आळीने पाट अडवला. खालच्या आळीचा जोंधळा करपू लागला. आता वरचे पहाटे दर्शनाला येत, खालचे तिन्हीसांजेला. बोलायची गरजच उरली नव्हती. जत्रा आली, तरी पालखी कोण उचलणार ते ठरेना.

जत्रेच्या सकाळी लोक पाहतात तो देवळाला जुनीच कवाडं. गुरविणीने सुताराकडून ती रातोरात पुन्हा बसवून घेतली होती.

वरच्या आळीच्या म्होरक्याने एकट्यानेच जोर लावला. धोतर सुटायची वेळ आली, दार हललं नाही.

"ताकदपण पाटात अडवून ठेवलीस वाटतं," खालच्या आळीचा म्होरक्या म्हणाला.

"बडबड नको. खांदा लाव."

"आधी पाट सोड."

"देव अंधारात बसलाय, बाबांनो," गुरवीण म्हणाली. "तुमचं चालू द्या सावकाश."

वरच्या म्होरक्याने बाजूला सरकून दुसऱ्या खांद्यापुरती जागा केली. मग म्हणाला, "दुपारी फावडं घेऊन ये. मिळून सोडू."

दोन खांदे कवाडांना टेकले. दरवाजा करकरला. खालच्या आळीत एका आजीने तो आवाज ऐकला आणि जुन्या सवयीने चूल पेटवली.

तात्पर्य: जड असलेली प्रत्येक गोष्ट अडचण नसते, काही गोष्टी जड असतात, त्या माणसांनी एकमेकांना हाक मारावी म्हणून.