टिटवीच्या सतरा हाका

वेळ सकाळची. सूर्य टेकडीच्या माथ्यावर हातभर चढला होता. जंगलात उरलेल्या एकमेव पाणवठ्याच्या उतारावर एक पाडस पाणी पीत होते. बिबट्याने ते उचलून नेले. त्या वेळी पाणवठ्यावर लहानमोठे चाळीसएक प्राणी होते. टेहळणीच्या खडकावर नेमलेला राखणदार हजर होता. ऊन स्वच्छ होते, धुके नव्हते, वारा पडला होता.

मुलांनो, एवढे ऐकले की आपण बिबट्याला शिव्या देतो आणि मोकळे होतो. बिबट्याने बिबट्याचे काम केले. ही गोष्ट बाकीच्यांची आहे, आणि ती त्याच्या आठ दिवस आधी सुरू होते.

त्या जंगलात एक हरिणी राहत असे. तिला एकच पाडस होते, त्या साली झालेले. उन्हाळा असा कडक होता की दोन्ही ओढे आटले, डबकी आटली, आणि सारे जंगल एका पाणवठ्यावर आले. सगळे तिथे येतात म्हटल्यावर बिबट्याही तिथेच येऊ लागला. जो तो आपापल्या परीने ओरडे. वानर फांदीवरून खेकसे, भेकर भुंके, आणि कोणाच्या ओरडण्यावर पळायचे हेच कळेनासे झाले. तेव्हा म्हाताऱ्या अस्वलाने मोहाच्या झाडाखाली सभा बोलावली. ठरले असे की एक राखणदार नेमायचा, त्याला खडकावर बसवायचे, आणि यापुढे त्याचीच हाक मानायची. दुसरे कोणी ओरडले तर लक्ष द्यायचे नाही.

जागेसाठी दोघे पुढे आले. एक गवा आणि एक टिटवी.

गवा आला तेव्हा जमीन हलली. काळेभोर अंग, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि खांदे असे की मागचे झाड दिसेना. सभेत आपोआप शांतता पसरली.

"अनुभव काय?" अस्वलाने विचारले.

"पलीकडच्या ओढ्यावर चार उन्हाळे काढले," गवा सावकाश म्हणाला. "चार उन्हाळ्यांत मला एकदाही हाक द्यावी लागली नाही."

"एकदाही नाही!" रानडुक्कर चीत्कारले. "ऐकलंत का मंडळी? याला म्हणतात वचक."

"नुसतं बघितलं तरी छातीत धीर येतो हो," ससा म्हणाला.

त्या चार उन्हाळ्यांत पलीकडच्या ओढ्यावर किती जण मेले, हे कोणी विचारले नाही. अस्वलाने नाही, रानडुकराने नाही, सशाने नाही. तिथून पळून आलेली दोन भेकरे सभेतच बसलेली होती. त्यांनाही कोणी काही विचारले नाही.

मग टिटवी पुढे आली. पाय काड्यांसारखे, अंग मूठभर, आणि डोळे सतत इकडेतिकडे भिरभिरणारे.

"तुझा अनुभव?"

"या उन्हाळ्यात मी सतरा वेळा हाक दिली," टिटवी म्हणाली.

सभेत कुजबुज सुरू झाली. सतरा! रानडुक्कर मान हलवत उठले. "म्हणजे सतरा वेळा संकट आणलंस की, बाई!"

"आणलं नाही, मामा. पाहिलं."

"तेच ते. तू ओरडलीस की कुणीतरी जातं. सगळ्या जंगलाला ठाऊक आहे."

"सतरा हाकांत दोघं गेले," टिटवी म्हणाली. "दोघांनीही मान वर केली नव्हती. बाकी पंधरा वेळा सगळे वाचले. त्यातल्या तीन वेळा तुम्ही स्वतः होता, मामा. चिखलात लोळत होता. शेपूट वर करून पळालात, ते विसरलात?"

एकदोघे हसले. रानडुकराला ते हसणे झोंबले, आणि त्या हसण्याची किंमत टिटवीला मोजावी लागली.

"तोंडाळ आहे," ते अस्वलाला म्हणाले. "अशीला मोठ्या जागेवर बसवायचं?"

अस्वलाने घसा साफ केला. "हे बघ पोरी, तुझ्या कामाबद्दल काही म्हणणं नाही. पण हा आवाज. कानात काटा गेल्यासारखा वाटतो. जरा गोड नाही करता येणार?"

"गोड केला तर तुम्ही पळाल का, आजोबा?"

यावर अस्वलाचा चेहरा उतरला. मोठ्यांना निरुत्तर करणारा उमेदवार मोठ्यांना आवडत नाही. वरच्या फांदीवरून वानर पचकले, "मी तर म्हणतो, जिच्या ओरडण्यानं मरण येतं तिला उंचावर बसवणं म्हणजे मरणाला निमंत्रण!" सगळ्यांना ते वाक्य आवडले. आवडलेले वाक्य तपासून बघावे असे कोणाला वाटत नाही.

हरिणी कळपाच्या कडेला उभी होती. पाडस तिच्या पोटाखाली ढुशा देत होते. तिला उन्हाळ्याच्या सुरुवातीची एक दुपार आठवत होती. ती पाण्यात तोंड घालून होती, टिटवी किंचाळत उठली, हरिणीने उडी मारली, आणि ती जिथे होती तिथल्या चिखलात बिबट्याचा पंजा पडला. पोटात तेव्हा हेच पाडस होते. टिटवी काय आहे हे त्या सभेत कोणाला पक्के ठाऊक असेल तर ते तिला.

ससा तिच्याजवळ सरकला. "ताई, तुझं काय मत?"

"तुझं काय?" हरिणीने विचारले.

"माझं काय असायचंय! जे सगळ्यांचं तेच."

"सगळ्यांचं काय आहे?"

"ते आता कळेलच की."

त्या जंगलात मत देण्याची एक रीत होती. ज्याला निवडायचे त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. मोठे प्राणी आधी, मग मधले, शेवटी लहान. रीत जुनी होती, आणि ती सोयीचीही होती, कारण आपली पाळी येईपर्यंत बाकीचे कुठे उभे राहिले ते दिसत असे. अस्वल गव्यामागे गेले. रानडुक्कर गेले. नीलगायी गेल्या. मग हरणांची पाळी आली.

हरिणी टिटवीच्या दिशेने दोन पावले चालली. तेवढ्यात मागून तिच्या चुलतीने हाक मारली, "अगं, कुठे चाललीस? कळप इकडे आहे!" हरिणीने वळून पाहिले. सगळा कळप गव्यामागे उभा होता आणि सगळे तिच्याकडे बघत होते. उघड्यावर एकटे उभे राहायची हरणांना सवय नसते. ती वळली. पाडस तिच्या मागे वळले.

टिटवीच्या मागे कोणीच उरले नाही. ती उडून पाण्याच्या काठावर गोट्यांमध्ये जाऊन बसली, जिथे ती रोज बसत असे.

आठव्या दिवशी ती सकाळ आली.

हरिणी आणि पाडस उतारावर शेजारी शेजारी पाणी पीत होती. गोट्यांमधून टिटवी किंचाळत उठली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर अगदी हरिणीच्या डोक्यावर येऊन. हरिणीचे चारही पाय ताठ झाले. अंग पळायला निघाले होते. पण ठरले होते की राखणदाराचीच हाक मानायची. तिने खडकाकडे पाहिले. गवा उन्हात उभा होता, शांतपणे रवंथ करत. एवढा मोठा प्राणी एवढा निवांत आहे म्हणजे काही नसणार. शेजारी रानडुक्कर पुटपुटले, "सवयच आहे तिला." हरिणीने मान पुन्हा खाली घातली. पाडसाने आईकडे पाहिले आणि त्यानेही घातली.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

दुपारी मोहाखाली पुन्हा सभा भरली. टिटवीही कडेला येऊन बसली. गव्याला विचारण्यात आले, बिबट्या दिसला नाही का?

"माझ्याकडे आला असता तर दिसला असता," गवा म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. "बिबटे माझ्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे मला बघायची सवय नाही."

"आणि पलीकडच्या ओढ्यावर?" हरिणीने विचारले. "तिथे किती गेले?"

"ते मी मोजलं नाही. मला कुणी मोजायलाही सांगितलं नव्हतं."

अस्वलाने मान डोलावली. "प्रामाणिक आहे. दुर्दैव, दुसरं काय! बरं, सकाळी टिटवी ओरडली होती का?"

"तीन वेळा!" रानडुक्कर म्हणाले. "मी स्वतः ऐकलं."

"बघा. ओरडली, आणि गेलं पाडस."

सभेतून मोठा सुस्कारा निघाला. सगळ्यांना एकदम हलके वाटले. आठ दिवसांपूर्वी आपण जे म्हटले होते तेच खरे ठरले, असे प्रत्येकाला वाटत होते. मेलेले पाडस आता पुरावा झाले होते. रानडुकराने तिथल्या तिथे ठराव मांडला की टिटवीला टेकडीपलीकडे हाकलून द्यावे.

"ती आधी ओरडली!" हरिणी सभेच्या मध्ये येऊन किंचाळली. "बिबट्या नंतर आला! तुम्हाला कुणी सांगितलं की तिच्या ओरडण्यानं मरण येतं? मामा, तुम्ही सांगा. तुम्ही पाहिलंत?"

"मी कशाला पाहू? ससा म्हणाला होता."

"ससोबा, तू पाहिलंस?"

सशाचे कान खाली पडले. "मला वानरदादानं सांगितलं, ताई. तो वर असतो, त्याला सगळं दिसतं, असं मला वाटलं."

हरिणीने वर पाहिले. वानर फांदीवर शेंगा सोलत होते. त्याचा हात थांबला.

"दादा, तू पाहिलंस?"

"मी?" वानर म्हणाले. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "मला तर तूच सांगितलंस."

"मी?"

"मागच्या उन्हाळ्यात. तुझी बहीण गेली त्या दिवशी. याच झाडाखालून तू पळत गेलीस. मी विचारलं, काय झालं ग? तू म्हणालीस, टिटवी ओरडली आणि माझी बहीण गेली. तेवढंच मी खाली सांगितलं. पदरचं काही घातलं नाही."

हरिणीला तो दिवस आठवला. ती तसे म्हणाली होती. धाप लागली होती, डोळ्यांपुढे रक्त होते, आणि कोणी विचारले म्हणून तोंडातून जे आले ते तिने सांगितले होते. टिटवी ओरडल्यावर आपण पळालो, बहीण हसत म्हणाली, थांब ग, दोन घोट पिऊन येते, हे सांगायचे राहून गेले होते. नंतर वर्षभरात वेळ पुष्कळ मिळाला. तिने कधीच सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

तिने ते आता सांगितले. सगळे. बहिणीचे, चिखलातल्या पंजाचे, सकाळच्या तीन हाकांचे. सावकाश, शेवटपर्यंत. ती बोलत होती तोवर मत देण्याची वेळ झाली, आणि मोठे प्राणी, मागोमाग मधलेही, ठरावाच्या बाजूने जाऊन उभे राहू लागले.

"ससोबा," ती म्हणाली, "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, ताई," ससा हळू आवाजात म्हणाला. "तू म्हणतेस ते खरंच असणार. पण आता सगळे तिकडे उभे आहेत ना." आणि तोही गेला.

या वेळी हरिणी टिटवीच्या मागे जाऊन उभी राहिली. एकटी. चुलतीने हाक मारली नाही.

"आता ग कशाला आलीस?" टिटवीने विचारले. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती फक्त विचारत होती. हरिणी जागची हलली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत टिटवीला टेकडीपलीकडे हाकलले. गोट्यांमध्ये तिची चार अंडी होती. ठराव बजावायला गेलेल्यांच्या पायांखाली ती फुटली. कोणाच्या पायांखाली, ते नोंदवले गेले नाही.

गवा खडकावर कायम झाला. पाणवठा आता शांत असतो. त्या शांततेचे अस्वल येणाऱ्याजाणाऱ्यांजवळ कौतुक करते, आणि राखणदाराच्या नावावर आजतागायत एकही हाक नाही हे आवर्जून सांगते. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत हरणांची आणखी सहा पाडसे पाणी प्यायला उतरली आणि परत आली नाहीत. त्यांच्यासाठी सभा भरली नाही. ती बोलावायची कोणी, हे कोणी विचारलेले नाही, आणि या सहा पाडसांचा जाब अजून कोणी दिलेला नाही.

तात्पर्य : कोणाला जबाबदारीच्या जागेवर बसवताना त्याचे खांदे पाहू नका, आणि बाकीचे कुठे उभे आहेत तेही पाहू नका. त्याच्या पहाऱ्यात कोण वाचले आणि कोण मेले ते विचारा. आणि तुम्ही स्वतः काही पाहिले असेल तर ते निवडीच्या आधी सांगा, आणि पूर्ण सांगा. निवडीनंतर सांगितलेल्या सत्याने पाडस परत येत नाही.